वजन हललंच नाही, तरी हात का भरून येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपर काटकोनात ठेवून पाच किलोचं डंबेल धरलं आणि जराही हलवलं नाही. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य. तरी थोड्याच वेळात दंड पेटतो, हात थरथरतो, शेवटी डंबेल खाली ठेवावंच लागतं. मग ऊर्जा गेली कुठे? दुसरी शंका: आखडायला ऊर्जा लागते असं शाळेत शिकलो, तर मृत शरीर सैल पडण्याऐवजी ताठ का होतं? आणि जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की डावा हात उजव्याच्या आधी थकतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्नायूंना ‘नुसतं धरून ठेवा’ असं सांगणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे पहिला प्रश्न रुग्णांकडूनही वरचेवर येतो. माझ्या मते तुमच्या पहिल्या दोन शंका मुळात एकच आहेत. दोन्हींमागे समज असा आहे की ऊर्जा दिली की स्नायू आखूड होतो आणि ऊर्जा काढून घेतली की सैल पडतो. स्नायूच्या आत डोकावलं की चित्र वेगळं दिसतं. तिथे अब्जावधी सूक्ष्म पकडी सतत लागत आणि सुटत असतात, आणि लागलेली पकड सोडवायलाही इंधन लागतं. हे नीट कळलं की डंबेल आणि प्रेताचा ताठरपणा, दोन्हींचा उलगडा होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘किती वेळात हात भरून येईल’ याला एकच एक उत्तर नाही. पाच किलो हा आकडा फसवा आहे. बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) कोपराच्या सांध्यापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेली असते आणि डंबेल असतं तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब. तरफेचा हिशेब मांडला तर काटकोनात कोपर वाकवणाऱ्या स्नायूंना वजनाच्या सात-आठ पट, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास ओढ द्यावी लागते, वर हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. तेच डंबेल हात सरळ खाली सोडून धरलं तर बायसेप्स जवळजवळ निवांत असतो, भार बोटांची पकड सांभाळणाऱ्या स्नायूंवर जातो. शिवाय ज्याची कमाल ताकद वीस किलोची आहे त्याला पाच किलो म्हणजे पाव जोर, ज्याची दहाची आहे त्याला निम्मा. साधारण निम्म्या ताकदीने धरलेला भार बहुतेकांना मिनिटभराच्या आसपासच पेलतो.

आता आत जाऊ. बायसेप्स आडवा कापून पाहिला तर बाहेर एक चिवट आवरण, आत तंतूंच्या जुड्या, प्रत्येक जुडीला आपलं आवरण आणि जुडीतल्या एकेका तंतूलाही पातळ वेष्टन. ही सगळी वेष्टनं टोकाशी कंडरेत मिसळतात, म्हणून आत निर्माण झालेली ओढ हाडापर्यंत पोहोचते. यातला प्रत्येक स्नायुतंतू म्हणजे एकच पेशी. जाडी साधारण दहा ते शंभर मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण लांबी कित्येक सेंटिमीटर. गर्भात अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन ती तयार होते, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात आणि तीही कडेला सरकलेली, कारण आतली जागा दुसऱ्याच गोष्टीने व्यापलेली असते. ती गोष्ट म्हणजे मायोफायब्रिल: जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जाडीचे धागे, एका पेशीत शेकड्यांनी, कधी हजारोंनी, शेजारी शेजारी.

मायोफायब्रिलच्या लांबीवर एकामागोमाग एक सारखेच खंड असतात. या खंडाला सार्कोमिअर म्हणतात आणि खरं नाट्य इथे घडतं. एक सार्कोमिअर सुमारे अडीच मायक्रोमीटर लांब. दोन्ही टोकांना झेड रेषा नावाच्या भिंती. त्या भिंतींना बांधलेले अ‍ॅक्टिनचे बारीक तंतू मध्याकडे येतात, प्रत्येकी सुमारे एक मायक्रोमीटर लांब. मधोमध मायोसिनचे जाड तंतू (ही दोन्ही नावं प्रथिनांची), 1.6 मायक्रोमीटर लांब, आणि त्यांची टोकं बारीक तंतूंच्या मध्ये घुसलेली. एका जाड तंतूत मायोसिनचे सुमारे तीनशे रेणू असतात आणि प्रत्येक रेणूला दोन डोकी. ही डोकी तंतूच्या दोन्ही अर्धांवर बाहेर डोकावतात, मधला थोडा भाग तेवढा बिनडोक्याचा (माझे विद्यार्थी इथे हमखास हसतात). महत्त्वाचं हे की दोन अर्धांवरच्या डोक्यांच्या दिशा उलट आहेत. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती मध्याकडेच ओढल्या जातात. टायटिन नावाचं एक अजस्र प्रथिन, माणसाच्या शरीरातलं सर्वात मोठं, जाड तंतूला झेड रेषेशी लवचीकपणे बांधून ठेवतं, म्हणून स्नायू ताणला तरी जाड तंतू मधोमधच राहतो.

सूक्ष्मदर्शकाखाली कंकाल स्नायू, म्हणजे हाडं हलवणारा स्नायू, पट्टेरी दिसतो तो या रचनेमुळेच. जाड तंतूंचा पट्टा गडद, नुसत्या बारीक तंतूंचा फिकट. स्नायू आखडताना प्रथिनांचे लांब रेणू घड्या पडून आखूड होत असावेत, असं पूर्वी मानलं जाई. 1954 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोघे हक्सली एकमेकांचे नातेवाईक नव्हेत. दोन्ही गटांना स्वतंत्रपणे तेच दिसलं होतं: स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी बदलत नाही, फिकट पट्टा अरुंद होत जातो. म्हणजे जाड किंवा बारीक, कुठलाच तंतू आखूड होत नाही, एक तंतू दुसऱ्याच्या आत सरकतो.

सरकवतं कोण? मायोसिनची डोकी. एका डोक्याचा फेरा बघा. एटीपी हा पेशीतला इंधनाचा रेणू डोक्याला चिकटतो, तसं ते अ‍ॅक्टिनपासून सुटतं. सुटल्यावर एटीपीचं विघटन होतं आणि त्या ऊर्जेवर डोकं मागे झुकून सज्ज होतं. मग ते अ‍ॅक्टिनवर पुढच्या जागी पकड घेतं, विघटनातला फॉस्फेट बाहेर पडतो आणि डोकं जोरात वळून अ‍ॅक्टिनला पाच ते दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) ओढतं. एटीपीचा उरलेला भाग, एडीपी, निघून जातो आणि डोकं तिथेच घट्ट चिकटून राहतं, नवा एटीपी येईपर्यंत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, प्रेताचं उत्तर त्यातच आहे.

पाच-दहा नॅनोमीटर म्हणजे काहीच नाही, मग दंडाची बेडकुळी कशी उठते? हिशेब करून पाहू. दहा सेंटिमीटरच्या स्नायुतंतूत अडीच मायक्रोमीटरचे चाळीस हजार सार्कोमिअर एका ओळीत बसतात. प्रत्येक सार्कोमिअर अर्ध्या मायक्रोमीटरने आखूड झाला तर स्नायुतंतू दोन सेंटिमीटरने आखडला. त्यासाठी सार्कोमिअरच्या प्रत्येक अर्धाला अडीचशे नॅनोमीटर सरकावं लागतं, म्हणजे एका ओढीत भागत नाही, अनेक ओढींची मालिका लागते. सगळी डोकी एकाच वेळी सुटली तर भार पुन्हा मागे घसरेल. तसं होत नाही, कारण कुठल्याही क्षणी काही धरून असतात, काही सुटून पुढची पकड शोधत असतात. यात कुणी हुकूम सोडत नाही. प्रत्येक डोकं आपल्या गतीने फेरे घेतं.

आता तुमच्या डंबेलकडे या. वजन स्थिर आहे, म्हणून झेड रेषा जवळजवळ स्थिर आहेत. पण डोकी थांबलेली नाहीत. ती अ‍ॅक्टिनला पकडतात, वळायचा प्रयत्न करतात, समोरून तेवढाच भार असल्याने तंतू सरकत नाही, फक्त डोक्याची मान आणि आजूबाजूचे लवचीक भाग ताणले जातात. थोड्या वेळाने एटीपी येतो, डोकं सुटतं, ताणात साठलेली ऊर्जा उष्णता होऊन विरते, आणि फेरा पुन्हा सुरू. प्रत्येक फेऱ्याला एक एटीपी खर्च. चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी रोखून धरली तर गाडी जागची हलत नाही, पण पेट्रोल जळतं आणि क्लच तापतो. आपल्या कंकाल स्नायूला हँडब्रेक नाही. बाहेरच्या वजनावर झालेलं कार्य शून्य हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आतमध्ये खर्च झालेली रासायनिक ऊर्जा मात्र शून्य नाही, ती जवळजवळ सगळी उष्णता बनते. स्नायूंतली ही उष्णता मोजण्याच्या कामासाठीच आर्चिबाल्ड हिल या शास्त्रज्ञांना 1922 चं नोबेल मिळालं.

खर्चाचं आणखी एक खातं आहे, ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विश्रांतीत डोक्यांना अ‍ॅक्टिनवर पकड मिळू नये म्हणून ट्रोपोमायोसिन नावाची दोरी पकडीच्या जागा झाकून बसलेली असते. चेतातंतूतून संदेश आला की अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, स्नायुपेशीच्या पटलावर विद्युत लहर उठते, पटलाच्या बारीक नळ्यांतून ती खोल शिरते आणि आतल्या जाळीदार कोठारांतून कॅल्शियम बाहेर पडतं. कॅल्शियम दोरीशी जोडलेल्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटलं की दोरी बाजूला सरते आणि पकड सुरू होते. एका संदेशाचा परिणाम सेकंदाच्या लहानशा अंशापुरता टिकतो, कारण कोठाराच्या भिंतीतले पंप लगेच कॅल्शियम आत ओढायला लागतात, आणि दर दोन कॅल्शियम आयनांमागे एक एटीपी घेतात. हात धरून ठेवायचा तर मेंदूला संदेशांचा मारा चालूच ठेवावा लागतो आणि पंपांनाही अखंड राबावं लागतं. स्थिर धरलेल्या स्नायूच्या एकूण खर्चापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश या पंपांवर जातो.

सगळे तंतू एकदम कामाला लागतात असंही नाही. एक चेतापेशी आणि तिच्या हाताखालचे तंतू मिळून एक मोटर युनिट. डोळ्याच्या स्नायूंत एका युनिटमध्ये मोजके तंतू, पोटरीत हजाराहून जास्त. हलक्या भाराला आधी लहान, सहज न थकणारी युनिटं लागतात, भार वाढला किंवा ती थकली की मोठी, जोरकस पण लवकर दमणारी युनिटं सामील होतात. सुरुवातीला त्यांचे ठोके एकमेकांत नीट मिसळतात म्हणून हात स्थिर राहतो. थकवा वाढला की मोठी युनिटं आत येतात आणि ठोके एकत्र पडायला लागतात. तुम्हाला दिसणारी थरथर ती हीच.

प्रेताचं उत्तर आता दोन वाक्यांचं. मृत्यूनंतर नवा एटीपी तयार होणं थांबतं, पंप बंद पडतात, कॅल्शियम झिरपून बाहेर येतं, पकडीच्या जागा उघड्या पडतात आणि डोकी चिकटतात. सोडवायला एटीपी नाही, म्हणून ती चिकटलेलीच राहतात. साधारण दोन ते सहा तासांत ताठरपणा सुरू होतो, बाराएक तासांत पुरा होतो आणि दिवस-दोन दिवसांत प्रथिनंच विघटित होऊ लागल्यावर जातो. हवा गरम असेल तर सगळं लवकर, थंड असेल तर उशिरा.

प्राणिसृष्टीत हँडब्रेक अस्तित्वात आहे, बरं का. शिंपल्यातला जीव आपले दोन शिंपले तासन्‌तास घट्ट मिटून ठेवतो आणि त्यासाठी नाममात्र ऊर्जा वापरतो. त्याच्या मिटवणाऱ्या स्नायूत ताण ‘कुलूपबंद’ करण्याची वेगळी सोय असते. पण तो स्नायू सोडायला वेळ घेतो. आपल्याला चेंडू झेलायचा असतो, ठेच लागताना पाय सावरायचा असतो. क्षणात पकड आणि क्षणात सुटका हवी असेल तर हाफ क्लचचा खर्च सोसावा लागतो. मला हा सौदा रास्त वाटतो.

मग हात शेवटी हार का मानतो? ‘एटीपी संपला’ हे लोकप्रिय उत्तर चुकीचं आहे. तो खरोखर संपला असता तर हात सैल पडण्याऐवजी ताठ झाला असता. पेशीत साठवलेला एटीपी पूर्ण जोराच्या दोन-तीन सेकंदांपुरताच असतो, पण क्रिएटिन फॉस्फेट हा पेशीतला राखीव साठा तो लगोलग भरून काढतो, नंतर ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि प्राणवायूवर चालणारे मार्ग भार उचलतात. साठा तळाला जाण्याच्या बराच आधी पेशी जोर कमी करते. क्रिएटिन फॉस्फेट फुटून फॉस्फेट साचतो, त्यामुळे डोक्यांची ओढ क्षीण होते. कोठारांतून सुटणारं कॅल्शियम घटतं. मेंदूकडून येणारे संदेशही मंदावतात. आणि स्थिर धरण्यात एक खास अडचण आहे: टणक झालेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. चालताना स्नायू आखडतो-सैलावतो, तेवढ्या फटीत रक्त येतं-जातं. डंबेल धरून उभं राहिलात तर ती फट मिळतच नाही. जोर निम्म्याच्या वर गेला की अनेक स्नायूंत रक्तपुरवठा जवळजवळ थांबतो. दंड पेटतो तो मुख्यतः इथे, धुऊन न गेलेल्या रासायनिक कचऱ्यामुळे.

माझ्या व्यायामपत्रिकेतल्या बऱ्याच सूचना यातूनच येतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी रुग्णाला पाय सरळ ठेवून मांडी आवळायला सांगतो. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘पण काही हलतच नाही, हा कसला व्यायाम?’ मी त्यांचाच तळहात मांडीवर ठेवतो. आवळल्यावर स्नायू टणक होतो आणि गुडघ्याची वाटी किंचित वर सरकते, हे त्यांना बोटांखाली कळतं. पोटरीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून पाहिलं तर आणखी मजा दिसते. घोटा पट्ट्याने जखडलेला असला तरी पडद्यावर तंतूंच्या जुड्या चक्क आखूड होताना दिसतात, कारण कंडरा तेवढी ताणली जाते. म्हणजे ‘स्थिर’ हा शब्द सांध्याला लागू, आतल्या तंतूंना पूर्णपणे नाही. पाच ते दहा सेकंद आवळा, तेवढंच सोडा, असं मी सांगतो, कारण सोडण्याच्या वेळातच रक्त आत येतं. श्वास रोखू नका हेही प्रत्येक वेळी बजावतो. जोराने धरून ठेवताना रक्तदाब वाढतोच, श्वास कोंडला की आणखी उसळतो. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती जोर लावायचा हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

डंबेल खाली आणताना काय होतं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा स्नायू ओढत असतो आणि तरीही लांबत असतो. बरीच डोकी एटीपीची वाट न पाहता ओढून सोडवली जातात, म्हणून तेवढ्याच भाराला खर्च कमी पडतो. 1952 मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने विरोध करायचा. जोर दोघांचा सारखाच, पण विरोध करणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागला. स्वस्तातल्या या कामाचं बिल मात्र दुसऱ्या दिवशी येतं. ओढून सोडवण्यात काही सार्कोमिअर वाजवीपेक्षा जास्त ताणले जातात, सूक्ष्म इजा होते, आणि एक ते तीन दिवस अंग दुखतं. डोंगर चढल्यापेक्षा उतरल्यावर मांड्या जास्त का धरतात, त्याचं कारण हेच. त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देतात, पण ते तास-दीड तासात निघून गेलेलं असतं.

राहिला डावा हात. उजव्या हाताने कामं करणाऱ्यांत उजवा हात साधारण दहा टक्क्यांनी ताकदवान असतो. तेच पाच किलो डाव्याला त्याच्या कमाल ताकदीचा मोठा हिस्सा पडतात, म्हणून तो आधी थकतो. हा फरक पूर्वीपासूनचा असेल तर काळजीचं काही नाही, आठवड्यातून दोन-तीनदा डाव्याला थोडा जास्त सराव द्या. पण तो गेल्या काही आठवड्यांत वाढलाय का, डावा दंड किंवा तळहाताची गादी वाळल्यासारखी दिसते का, मुंग्या किंवा मानेतून उतरणारी कळ आहे का, संध्याकाळकडे पापण्या जड होऊन दोन-दोन दिसतं का, हे तपासा. यातलं एकही ‘हो’ असेल तर दुखणं नसेमध्ये किंवा नस आणि स्नायू जुळतात त्या सांध्यात असू शकतं. तेव्हा डंबेल बाजूला ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.